सातबारा मॉरिशसचा, वहिवाट ब्रिटनची: चागोसचा करार कसा वाचावा

प्रश्न थोडक्यात असा आहे: ब्रिटनने हिंदी महासागरातली चागोस बेटं मॉरिशसला परत दिली, असं मे 2025 मध्ये वाचलं. त्याच बातमीत खाली होतं की त्यातलं मुख्य बेट, दिएगो गार्सिया, पुढची 99 वर्षं ब्रिटनच्याच ताब्यात राहणार. मग परत दिलं ते काय? आणि जागा एकाची, कारभार दुसऱ्याचा, ही व्यवस्था दोन देशांत चालते तरी कशी?

एका वाक्यात सांगायचं तर मालकी सोडली, वहिवाट ठेवली आणि वहिवाटीचे पैसे मोजायचं कबूल केलं. पण एवढंच वाचून उठलात तर खरा व्यवहार निसटेल, म्हणून जरा बसा.

माझी पहिली सात-आठ वर्षं कोकणात वडिलांच्या हाताखाली कुळकायद्याच्या आणि वाटपाच्या दाव्यांत गेली. पुढची पंचवीसेक समुद्रहद्दी, मासेमारीचे हक्क आणि दोन सरकारांमधल्या करारांचे मसुदे यांत. लोकांना ही दोन वेगळी जगं वाटतात. मला तसं कधी वाटलं नाही. सातबाऱ्यावर मालकाचं नाव असतं. 'इतर अधिकार' या रकान्यात कुळाचं नाव, सोसायटीचा बोजा, विहिरीचं पाणी असतं. आणि कलमांवरचे आंबे प्रत्यक्षात उतरवतो तो या दोन्ही ठिकाणी नसलेला तिसराच. भांडण नावावरून पेटतं, पण मिटतं ते रकान्यात. बेटांच्या करारांत पहिल्या कलमात सार्वभौमत्व असतं आणि देणंघेणं मागच्या परिशिष्टांत. त्यामुळे नवा करार हातात आला की मी तो शेवटाकडून वाचायला घेतो.

आता चागोस. हिंदी महासागराच्या मधोमध साठेक बारीक प्रवाळबेटं. सगळ्यांत मोठं दिएगो गार्सिया, त्याचीही जमीन 30 चौरस किलोमीटरच्या आतच. मॉरिशसपासून दोन हजार किलोमीटरहून लांब, कन्याकुमारीपासून त्याहून थोडं जवळ. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंचांनी तिथे नारळाच्या बागा लावल्या आणि त्यासाठी मादागास्कर, मोझांबिककडून गुलाम आणले. 1810 मध्ये इंग्रजांनी मॉरिशस जिंकलं, 1814 च्या पॅरिस तहाने ते 'अवलंबित बेटांसह' त्यांच्याकडे आलं, आणि दीडशे वर्षं चागोसचा कारभार मॉरिशसच्या राजधानीतून, पोर्ट लुईमधूनच चालला. खोबरं मॉरिशसला जायचं, तांदूळ आणि कापड घेऊन बोट परत यायची. गुलामांची नातवंडं-पतवंडं तिथेच जन्मली, तिथेच पुरली गेली. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

वाद जन्मला तो 1965 मध्ये, आणि एका खोलीत. मॉरिशसच्या स्वातंत्र्याच्या वाटाघाटी लंडनला लँकेस्टर हाउसमध्ये चालू होत्या. अमेरिकेला हिंदी महासागरात लष्करी तळ हवा होता, तोही कुठल्या नव्या स्वतंत्र देशाच्या मर्जीवर न राहणारा. 23 सप्टेंबरला ब्रिटिश पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी मॉरिशसचे नेते शिवसागर रामगुलाम यांना बाजूला बोलावलं. त्या भेटीआधी विल्सन यांना त्यांच्या सचिवाने जे टिपण दिलं, ते पुढे खुलं झालं आणि आमच्या धंद्यात ते जवळपास तोंडपाठ असतं. त्याचा आशय असा: रामगुलाम यांना आशेने घाबरवायचं आहे. स्वातंत्र्य मिळेल ही आशा, आणि चागोस तोडून देण्याबाबत शहाणपणाने वागले नाहीत तर ते मिळणार नाही ही भीती. वाटपाच्या दाव्यात थोरला भाऊ धाकट्याला मागच्या पडवीत नेऊन बोलतो, अगदी तोच सूर.

रामगुलाम कबूल झाले, पण रिकाम्या हाताने नाही. बैठकीच्या इतिवृत्तात 22 क्रमांकाचा परिच्छेद आहे, त्यात अटी आहेत. 30 लाख पौंड भरपाई. आसपासच्या पाण्यात मासेमारीचे हक्क शक्य तितके टिकवायचे. तेल किंवा खनिज सापडलं तर त्याचा लाभ मॉरिशसचा. आणि संरक्षणासाठी बेटांची गरज संपली की ती परत. त्या वेळी लंडनमधल्या अधिकाऱ्यांना हा परिच्छेद म्हणजे पाहुण्यांना दिलेली पानसुपारी वाटली असावी. 50 वर्षांनी, मार्च 2015 मध्ये, समुद्रकायद्याखालच्या लवाद न्यायाधिकरणाने तीच वाक्यं ब्रिटनवर कायद्याने बंधनकारक ठरवली. माझ्या हाताखालच्या मुलांना मी हा किस्सा मुद्दाम सांगतो: बैठकीचं इतिवृत्त लिहिणारा कारकून नसतो, तो मसुदाकार असतो. समोरचा जे तोंडी मागतो ते लिहून घ्या. आपण जे तोंडी देतो ते लिहिलं गेलं का, हेही बघा.

पुढची पायरी 8 नोव्हेंबर 1965 ची. राजसत्तेच्या एका आदेशाने 'ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेश' नावाची नवी वसाहत तयार झाली. जग वसाहती मोडत होतं, तेव्हा ही नवी उभी राहिली. त्यात सेशेल्सचीही तीन बेटं घातली होती. ती 1976 मध्ये सेशेल्स स्वतंत्र होताना परत गेली. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने डिसेंबर 1965 मध्येच 2066 क्रमांकाचा ठराव करून मॉरिशसचे तुकडे करू नका म्हणून सांगितलं. उपयोग शून्य. 30 डिसेंबर 1966 ला ब्रिटन आणि अमेरिकेने पत्रांची देवाणघेवाण केली: 50 वर्षं वापर, पुढे 20 वर्षांची वाढ. उघड कागदात भाडं नव्हतं. न दाखवलेल्या कागदात होतं: अमेरिकेकडून घेतलेल्या पोलारिस क्षेपणास्त्रांच्या संशोधन खर्चातल्या ब्रिटनच्या वाट्यात 1 कोटी 40 लाख डॉलरची सूट. व्यवहारात पैसे दिसत नसतील तर ते दुसऱ्या कुठल्या तरी खात्यात वळते झालेले असतात. हे खरेदीखतालाही लागू आहे.

आणि माणसं? सुमारे दीड-दोन हजार होती. तळासाठी अमेरिकेला दिएगो गार्सिया रिकामं हवं होतं. स्थायिक लोक आहेत असं कबूल केलं की संयुक्त राष्ट्रांच्या सनदेप्रमाणे त्यांच्याबद्दल अहवाल द्यावे लागले असते, आणि त्यांच्या इच्छेचा प्रश्न आला असता. म्हणून लंडनच्या टिपणांत त्यांना 'कंत्राटी मजूर' म्हणायचं ठरलं. 1966 मधल्या एका टिपणात एका अधिकाऱ्याने पक्ष्यांसोबत तिथे काही 'टारझन आणि मॅन फ्रायडे'ही आहेत, अशी थट्टा केली आहे. आधी मॉरिशसला औषधपाण्याला आलेल्यांना परतीची बोट नाकारली. मग बागा बंद केल्या. 1971 मध्ये बेटावरची पाळीव कुत्री मारली. 1973 पर्यंत चागोसमधली पेरोस बान्योस आणि सालोमोन ही बेटंही रिकामी झाली. लोकांना मॉरिशस आणि सेशेल्सच्या धक्क्यावर उतरवलं. पुनर्वसनासाठी ब्रिटनने मॉरिशस सरकारला 6 लाख 50 हजार पौंड दिले, ते लोकांच्या हाती पडायला वर्षं गेली. आपल्याकडच्या धरणग्रस्तांना यातला शब्दन् शब्द ओळखीचा वाटेल.

मॉरिशसने हा वाद अनेक वर्षं भाषणांत लढवला. खरी लढाई सुरू झाली ती वेगळ्याच दाराने. 2010 मध्ये ब्रिटनने चागोसभोवती सुमारे 6 लाख 40 हजार चौरस किलोमीटरचं सागरी संरक्षित क्षेत्र जाहीर केलं, मासेमारी बंद. ऐकायला छान. पण त्यामुळे 1965 च्या मासेमारीच्या शब्दाचा भंग झाला, आणि मॉरिशसला न्यायाधिकरणात जायला दार मिळालं. बेट कोणाचं हा प्रश्न ते न्यायाधिकरण घेऊ शकत नव्हतं आणि त्याने घेतलाही नाही. मासळीचा घेतला, आणि ब्रिटन हरलं. मालकीचा दावा चालत नसेल तर वाटेचा लावा, पाण्याचा लावा. दिवाणी वकिलाला हे सांगावं लागत नाही.

नंतर 2017 मध्ये महासभेने 94 विरुद्ध 15 मतांनी आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा सल्ला मागितला. 25 फेब्रुवारी 2019 ला न्यायालयाने 13 विरुद्ध 1 मतांनी सांगितलं की मॉरिशसचं निर्वसाहतीकरण कायद्याने पूर्ण झालंच नाही आणि ब्रिटनने तिथला कारभार शक्य तितक्या लवकर संपवावा. ब्रिटन म्हणालं, हा फक्त सल्ला आहे. कागदावर ते बरोबरच होतं. पण सल्ल्याला पाय फुटतात. त्याच मे महिन्यात महासभेचा ठराव 116 विरुद्ध 6 ने झाला. भारताचं मत मॉरिशसच्या बाजूने, आणि त्या सहांत मालदीव होता. 2021 मध्ये हाम्बुर्गच्या सागरी न्यायाधिकरणाच्या विशेष कक्षाने त्याच मालदीवला सांगितलं की समुद्रहद्द आखायची तर मॉरिशसशी आखा, तिथला किनारा मॉरिशसचा धरला जाईल. त्याच वर्षी जागतिक टपाल संघटनेने 'ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेशा'ची वेगळी टपाल तिकिटं मानायचं बंद केलं. हे टपाल तिकिटाचं प्रकरण लोक हसण्यावारी नेतात. माझ्या मते लंडनच्या अधिकाऱ्यांना ते 13-1 इतकंच बोचलं असणार. नकाशा, तिकीट, मासेमारीचा परवाना, हद्दीचा खांब: कारभार म्हणजे हेच, आणि तो एकेक करून हातातून जात होता.

नोव्हेंबर 2022 मध्ये वाटाघाटी जाहीर झाल्या, 3 ऑक्टोबर 2024 ला राजकीय सहमती आणि 22 मे 2025 ला सही. त्या दिवशी पहाटे लंडनच्या उच्च न्यायालयाने सही थांबवली आणि दुपारपर्यंत मनाई उठवली. मॉरिशसकडून पंतप्रधान नवीन रामगुलाम होते, 1965 मध्ये खोलीत बोलावलेल्या शिवसागर रामगुलाम यांचे चिरंजीव. सही झाली म्हणजे करार लागू झाला असं नसतं, दोन्हीकडे पुढची घटनात्मक प्रक्रिया असते. ब्रिटन-अमेरिकेमधली 1966 ची पत्रंही जुळवून घ्यावी लागतात. पण तुमचा प्रश्न मजकुराबद्दल आहे, तर मजकूर बघू.

पहिलं कलम स्वच्छ आहे: दिएगो गार्सियासह सगळ्या चागोसवर मॉरिशसचं सार्वभौमत्व. पुढचं वाक्य महत्त्वाचं. त्यात मॉरिशस, सार्वभौम म्हणून, दिएगो गार्सियाबाबतचे मॉरिशसचे अधिकार वापरायला ब्रिटनला अधिकृत करतं. बातम्यांत याला सर्रास 'लीज' म्हटलं जातं. पण क्रियापद बघा. भाडेपट्ट्यात भाडेकरूला स्वतःचा हक्क मिळतो. इथे ब्रिटन जे करणार ते मॉरिशसच्या अधिकाराने करणार. आपल्या भाषेत हे भाडेपत्र नाही, कुलमुखत्यारपत्र आहे. आणि तेही सहजी मागे न घेता येणारं: 99 वर्षं, पुढे 40 वर्षांची सोय. मॉरिशसला ते मोडता येतं ते पैसे थकले तर, किंवा त्याच्यावर ब्रिटनकडून किंवा त्या तळावरून सशस्त्र हल्ल्याचा प्रसंग आला तर. तळ नको वाटतो म्हणून नाही.

क्यूबातल्या ग्वांतानामोशी तुलना केली की फरक कळतो. 1903 च्या करारात क्यूबाचं 'अंतिम' सार्वभौमत्व मान्य आणि अमेरिकेला 'संपूर्ण' अधिकार व ताबा, मुदत नाहीच. अमेरिका दरसाल 4,085 डॉलरचा धनादेश काढत आली आणि क्यूबाचं क्रांतीनंतरचं सरकार तो वटवत नाही. दुसऱ्या टोकाला सायप्रस: 1960 मध्ये बेट स्वतंत्र झालं, पण आक्रोतिरी आणि ढेकेलिया या दोन तळांची जमीन ब्रिटनने सरळ स्वतःच्याच नावावर ठेवली. चागोसचा करार या दोन्हींच्या मधला आहे, पण मुदत, हप्ते आणि मोडण्याची कारणं लिहिलेली असल्याने ग्वांतानामोपेक्षा कितीतरी प्रामाणिक.

परिशिष्टांकडे या. पैसे: पहिली तीन वर्षं दरसाल 16.5 कोटी पौंड, पुढची दहा वर्षं 12 कोटी, त्यानंतर महागाईशी जोडलेले. शिवाय चागोसच्या लोकांसाठी 4 कोटींचा न्यास, आणि मॉरिशसच्या विकासासाठी 25 वर्षं दरसाल 4.5 कोटी. आजच्या किमतीत हे सगळं सुमारे 340 कोटी पौंड, असं ब्रिटिश सरकारचं गणित. विरोधकांचा आकडा याच्या कितीतरी पट. हा फरक मुख्यतः 99 वर्षांनंतरच्या पौंडाची आजची किंमत कशी काढायची यातून येतो, त्यामुळे दोन्ही आकडे एकमेकांवर फेकून काही निष्पन्न होत नाही.

त्याहून मोलाचं हे: दिएगो गार्सियाभोवती 24 सागरी मैलांचा पट्टा, ज्यात ब्रिटनच्या संमतीवाचून काही उभारता येणार नाही. बाकीच्या बेटांवरही परक्या देशाचं सैन्य बसवायला मज्जाव. रेडिओलहरींवर ब्रिटनचं नियंत्रण. हे शेवटचं अनेकांच्या नजरेतून सुटलं. तळाला धावपट्टी लागते तशा लहरी लागतात, आणि लहरींचे अधिकार सार्वभौम राज्याकडे नोंदलेले असतात. आंतरराष्ट्रीय निकालांची माळ अशीच लांबली असती तर एके दिवशी लहरींची नोंदही मॉरिशसच्या नावावर गेली असती, ही भीती लंडनला खरी होती. मॉरिशसकडे मासळी, नैसर्गिक संपत्ती, पर्यावरण राहतं. म्हणजे 1965 मध्ये रामगुलाम यांनी मागितलेलं जवळपास सगळं, 60 वर्षं उशिरा, आणि मालकीसकट.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग: अशी व्यवस्था चालते का? इतिहासात तीन तऱ्हा दिसतात आणि तिन्हींचे नमुने समुद्रातच आहेत.

एक, दोघांनी मिळून राज्य करणं. दक्षिण पॅसिफिकमधल्या न्यू हेब्रिडीजवर 1906 पासून ब्रिटन आणि फ्रान्सने ते केलं. दोन पोलिसदलं, दोन कायदे, दोन तुरुंग, आणि संयुक्त न्यायालयाचा अध्यक्ष स्पेनच्या राजाने नेमलेला. बेटावरच्या माणसाला मात्र दोन्हींपैकी एकाचंही नागरिकत्व नव्हतं. 1980 मध्ये वानुआतू स्वतंत्र झाला तेव्हा ही सर्कस संपली. यावर आणखी शाई घालवत नाही.

दोन, प्रश्न गोठवून ठेवणं. याचा सुबक नमुना पॅसिफिकमधल्याच कँटन आणि एंडरबरी बेटांचा. 1937 च्या जूनमध्ये खग्रास सूर्यग्रहण बघायला अमेरिकेचं आणि ब्रिटनचं अशी दोन जहाजं कँटनला पोचली आणि नांगर टाकायच्या जागेवरून वाजलं. दोन्ही देशांना खरं तर विमानांना उतरायला मधला थांबा हवा होता. 6 एप्रिल 1939 ला पत्रांच्या देवाणघेवाणीने ठरलं: 50 वर्षं संयुक्त नियंत्रण, मालकीचा प्रश्न बाजूला. बाजूलाच राहिला. विमानं लांब उडायला लागली, थांब्याची गरज संपली, 1979 मध्ये किरिबाटी स्वतंत्र झाला आणि अमेरिकेने तरावाच्या करारात आपला दावा सोडला. म्हणजे वाद सुटला नाही, विमानाच्या टाकीने तो संपवला.

गोठवण्याचाच, पण फसलेला नमुना पुन्हा मॉरिशसचाच आहे, आणि मला तो चागोसहून जास्त शिकवणारा वाटतो. त्रोमलँ हे मॉरिशसच्या उत्तरेला एक चौरस किलोमीटरचं वाळूचं बेट, ताबा फ्रान्सचा. 1761 मध्ये मादागास्करहून चोरून गुलाम नेणारं एक फ्रेंच जहाज तिथे फुटलं. खलाशी नाव बांधून निघून गेले आणि साठेक गुलामांना परत येतो म्हणून मागे ठेवलं. 1776 मध्ये बोट आली तेव्हा सात बायका आणि आठ महिन्यांचं एक मूल जिवंत होतं. या बेटावरचा दावा अडकलाय तो एका क्रियाविशेषणात. पॅरिस तहाच्या आठव्या कलमात मॉरिशसची अवलंबित बेटं सांगताना फ्रेंचमध्ये 'नोमेमाँ' असा शब्द आहे, मग रॉड्रिग्ज आणि सेशेल्स ही नावं. फ्रान्स म्हणतं, त्याचा अर्थ 'म्हणजेच', यादी संपली. मॉरिशस म्हणतं, अर्थ 'विशेषतः'. ही फक्त उदाहरणं. दोनशे वर्षं एका शब्दावर एक चौरस किलोमीटर आणि त्याभोवतीचा अवाढव्य समुद्र लटकलाय.

2010 मध्ये दोघांनी शहाणा तोडगा काढला: सार्वभौमत्वाबाबत दोघांचे हक्क अबाधित ठेवून पर्यावरण, पुरातत्त्व संशोधन आणि मासेमारी एकत्र चालवायची. तो आराखडा मला अजूनही उत्तम वाटतो. पण फ्रान्सच्या नॅशनल असेंब्लीत तो मंजूर होईना, आणि जानेवारी 2017 मध्ये चर्चेच्या यादीतूनच काढून घेतला गेला. विरोधकांचं म्हणणं एवढंच होतं की आपलं बेट आहे तर वाटून कशाला घ्यायचं. 'हक्क राखून' हे कलम वकिलाला ढाल वाटते, मतदाराला ती माघार वाटते. करारात काहीच दिलेलं नसलं तरी गप्प राहणं हेच देणं समजलं जातं.

तिसरी तऱ्हा चागोसची: मालकीचा निकाल लावायचा आणि वापर वेगळा काढायचा. ती वरून जास्त कडक दिसते, पण माझा अनुभव सांगतो की तीच जास्त टिकते, कारण दोघांनाही आपल्या लोकांना सांगायला एकेक पूर्ण वाक्य मिळतं. पोर्ट लुईत: बेट आपलं. लंडनमध्ये: तळ आपला. अट एकच, मालकीचा प्रश्न आधी बाहेर कुठेतरी निम्मा सुटलेला असावा लागतो. तो हेगमध्ये, आंतरराष्ट्रीय न्यायालयात, सुटला होता. त्रोमलँला तसा निकाल नव्हता.

आपल्या घरचं उदाहरण हवं असेल तर कच्चतीवु. 285 एकरांचं बेट 1974 मध्ये श्रीलंकेकडे गेलं; आपल्या मच्छीमारांना आणि यात्रेकरूंना पूर्वीसारखं जाता येईल, असं पाचव्या कलमात लिहिलं. पण 1976 च्या पत्रांनी एकमेकांच्या पाण्यातली मासेमारी बंद केली. मालकी ठरली, वापराचा रकाना मोघम राहिला, आणि रामेश्वरमच्या बोटी आजही पकडल्या जातात.

कारभार खरोखर कोणाच्या हातात आहे हे कळायला मोठं कलम लागत नाही, एक छोटी अडचण पुरते. ऑक्टोबर 2021 मध्ये श्रीलंकेतले तमिळ लोक एका मासेमारी बोटीतून दिएगो गार्सियाला लागले. तीनेक वर्षं त्यांना तिथे कुंपणात तंबूंमध्ये ठेवलं. बेट ब्रिटनचं, कायदा 'ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेशा'चा, न्यायालयही त्याच प्रदेशाचं. जुलै 2024 मध्ये न्यायालयाला प्रत्यक्ष बेटावर सुनावणी घ्यायची होती तेव्हा अमेरिकेने सुरक्षेच्या कारणाने संमती मागे घेतली. म्हणजे न्यायाधीशाला आपल्याच अधिकारक्षेत्रात उतरायला तळ वापरणाऱ्याची परवानगी लागली. शेवटी सप्टेंबरमध्ये सुनावणी झाली आणि डिसेंबरमध्ये ती स्थानबद्धता बेकायदा ठरली. तेव्हा सातबारा ब्रिटनचा, वहिवाट अमेरिकेची होती. नव्या करारात वर आणखी एक नाव चढतं एवढंच; आंबे उतरवणारा तोच.

थोडं विषय सोडून. पोर्ट लुईला कामानिमित्त गेलो होतो तेव्हा भाद्रपद होता. मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. तिथले मराठी लोक म्हणजे एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून उसाच्या मळ्यांवर गेलेल्यांचे वंशज, बरेचसे आपल्या कोकणातले. घरी क्रिओल बोलतात, आरती मात्र खणखणीत मराठीत. एका यजमानांनी मला त्यांच्या पणजोबांचा मजूर क्रमांक असलेला कागद दाखवला. कंत्राट होतं, म्हणून क्रमांक होता, म्हणून कागद होता, म्हणून पाच पिढ्यांनी नाव सापडतं. त्याच शहरात रोश ब्वा भागात चागोसहून आणलेली कुटुंबं राहतात. त्यांना कागदोपत्री 'कंत्राटी मजूर' ठरवलं गेलं, आणि त्यांच्याकडे दाखवायला कंत्राट नाही.

या लोकांचं करारावर एकमत नाही, हेही सांगायला हवं. मॉरिशसमधल्या अनेकांनी स्वागत केलं. ब्रिटनमध्ये क्रॉलीला स्थायिक झालेल्यांपैकी अनेकांनी आम्हाला विचारलंच नाही म्हणून विरोध केला. सहीच्या दिवशी न्यायालयात गेलेल्या दोघी चागोसमध्येच जन्मलेल्या. वाटाघाटी दोन राज्यांत होतात, माणसं पक्षकार नसतात, हे खरं. पण ज्या वादाचा सगळा पाया 'लोकांच्या इच्छेविना बेटं तोडली' हा होता, त्याच्या मिटवणुकीत पुन्हा लोक खोलीबाहेर राहिले. याचा बचाव मला करता येत नाही.

म्हणून शेवटी त्यांच्या वाट्याचं कलम बघा. दिएगो गार्सियावर राहायला परत जाता येणार नाही. इतर बेटांवर वस्ती करण्याचा कार्यक्रम राबवायला मॉरिशस 'मोकळा' आहे. 'राबवील' असं नाही. मसुद्यात या दोन क्रियापदांत कोट्यवधींचा फरक असतो: पहिल्यात परवानगी, दुसऱ्यात देणं. 2015 मध्ये ब्रिटनने करून घेतलेल्या अभ्यासात वस्ती अशक्य नाही असं निघालं होतं, तरी 2016 मध्ये खर्च आणि संरक्षणाची कारणं देऊन नकार आला. पेरोस बान्योसला आज बंदर नाही, दवाखाना नाही, नळाचं पाणी नाही. पडक्या चर्चच्या भिंती आणि नारळाच्या रानात बुडालेली थडगी आहेत. तो 4 कोटींचा न्यास कोण चालवणार, त्याच्या मंडळावर बेटावर जन्मलेले किती असणार, आणि पहिली जेटी कोणाच्या पैशाने बांधली जाणार, हे तपासत राहा. तुम्ही विचारलंत की परत दिलं ते काय. त्याचं उत्तर या तीन नोंदींत मिळेल.